रशियासाठीचा शेवट

डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या आमच्या हावरुप गावात पुढच्या दाराने कोणी येत नाही. पुढचं दार पाद्रीसाठी, डॉक्टरसाठी, नवरीसाठी आणि शवपेटीसाठी. बाकी सगळं जग स्वयंपाकघराच्या दाराने आत येतं, पायातली वाळू उंबऱ्याशी झटकतं, चुलीशी बसतं आणि कान तुटलेल्या कपातून कॉफी पितं. थिरा क्लिटगोरला हे कोणी शिकवायची गरज नव्हती, ती इथलीच. पुढे ती कोपनहेगनला जाऊन फिल्मा काढायला लागली, टोपीत पीस खोचायला लागली, वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. तरी उन्हाळ्यात गावी आली की सरळ मागच्या दाराने बहिणीच्या स्वयंपाकघरात शिरायची आणि आल्या आल्या झाकणं उघडून बघायची.

ही बहीण म्हणजे सिदसेल. थिराच्या जन्माच्या वेळी आई गेली, आणि थोड्याच वर्षांत बापाची होडी उलटली. मग सिदसेलनेच तिला वाढवलं, तेही दुसऱ्यांच्या होड्यांसाठी गळांना आमिष लावून. आमच्याकडे बायकांचं कामच ते. लांबच लांब दोर, त्याला शेकडो गळ, आणि प्रत्येक गळाला शिंपल्यातला गोळा टोचायचा. हिवाळ्यात बोटं फुटतात, त्यात खारं पाणी जातं आणि डोळ्यांतून टचकन पाणी येतं. सिदसेल म्हणायची, "रडू नये गं, पाणी आधीच पुष्कळ आहे समोर."

ती एकोणीस-वीस वर्षांची असताना किनाऱ्याजवळ एक परदेशी जहाज फुटलं. त्यातला एक खलाशी गावाने ओढून काढला. तो मोडलेला पाय बरा होईपर्यंत राहिला आणि बरा झाल्यावर निघून गेला. गावाने त्याला पाण्यातून वर काढलं आणि त्याने सिदसेलला बुडवलं, असं आमच्याकडे म्हणतात. मुलगी झाली, बोदिल. मिशनवाल्या बायका, म्हणजे ज्यांना नाच, पत्ते आणि दुसऱ्याचं हसणं ही तिन्ही पापं वाटतात त्या, रस्त्यात तोंड फिरवायच्या. कामही कोणी देईना.

त्याच हिवाळ्याच्या शेवटी एका सकाळी थिराला जाग आली. ती तेव्हा दहा वर्षांची असेल. चुलीपुढे सिदसेल उभी होती आणि तिच्या परकरातून पाणी ठिबकत होतं. कंबरेपर्यंत ओलीचिंब. छातीशी शालीत बाळ, आणि शालीचं टोक मासेमारीच्या दोरीने तिच्या कंबरपट्ट्याला बांधलेलं. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. बोटं इतकी गारठली होती की तिला स्वतःला ती सोडवता येत नव्हती.

"थिरे, चाकू आण," ती म्हणाली.

थिराने दोरी कापली. बाळ जिवंत होतं, त्याच्या तोंडात सिदसेलच्या वेणीचं टोक होतं.

"पाण्यात गेले होते," सिदसेल म्हणाली. "बांधून घेतलं, म्हणजे वेगळं व्हायला नको." मग तिने थिराची हनुवटी धरली. "हे कोणाला सांगायचं नाही. आणि हिला तर कधीच नाही. कळलं ना, तर जन्मभर ही माझ्याकडे बघेल आणि हिला पाणीच दिसेल. शपथ घे."

थिराने शपथ घेतली. शालीच्या टोकाला दोरीचा एक तुकडा गाठीसकट तसाच राहिला. सिदसेलने तो काढला नाही. का नाही काढला ते तिलाच ठाऊक. बोदिल मोठी झाल्यावर विचारायची, "आई, ही दोरी कसली गं?" आणि सिदसेल सांगायची, "कामाला जाताना तुला बांधून घ्यायचे, म्हणून." पोरीला ती गोष्ट फार आवडायची. ती शाल अंगाभोवती गुंडाळून, दोरी हातात धरून ती झोपायची.

थिराचं नशीब मात्र बोटांत होतं. शहरातल्या एका फोटोग्राफरकडे ती काचेच्या निगेटिव्हवर बारीक कुंचल्याने काम करायला लागली. नवऱ्या मुलींचे चामखीळ काढायचे, जाडजूड सासवांच्या हनुवट्या दोनाच्या एक करायच्या. चेहरा कुठे खोटं बोलतो हे तिला तिथे कळायला लागलं. तिथून ती कोपनहेगनच्या स्टुडिओत गेली. आधी फिल्म कापणं-जोडणं, मग गोष्टी लिहिणं, आणि मग एका उन्हाळ्यात दिग्दर्शक महाशय जेवणानंतर इतके झिंगले की कॅमेऱ्यालाच मिठी मारून बसले. मालक रिंग म्हणाला, "क्लिटगोरबाई, तुम्हीच ओरडा आता." ती ओरडली आणि ओरडतच राहिली. स्टुडिओच्या त्या काचेच्या छपराखाली पुरुषांवर ओरडणारी ती पहिली बाई. वर्तमानपत्रांनी तिच्या फिल्मपेक्षा तिच्या टोपीवर जास्त लिहिलं, पण लिहिलं.

ती तिथे गावाबद्दल बोलत नसे. हातांना शिंपल्यांचा वास येतो असं तिला वाटायचं आणि ती लिंबाने हात घासायची. लाज तिला पहिल्यापासून होती, फक्त चुकीच्या गोष्टीची होती.

तेव्हा आमच्या फिल्मांना दोन शेवट असत. एक घरच्यांसाठी आणि एक रशियासाठी. रशियात माल खूप खपायचा, आणि मालक रिंग सांगायचा, "त्या लोकांना शेवटी कोणी मेल्याशिवाय तिकीट फुकट गेल्यासारखं वाटतं." म्हणून सगळे स्टुडिओ तेच करायचे. सकाळी नायिकेचं चर्चमध्ये लग्न लागायचं, मग सगळे मिळून राईचा पाव खायचे आणि दुपारी तीच नायिका त्याच कपड्यांत मरायची. आपल्याकडच्या शेवटाची पट्टी दिव्यासारख्या पिवळ्या रंगात बुडवायचे, म्हणजे पडदा पिवळा दिसायचा, आणि रशियाची निळ्या.

पहिल्या महायुद्धाच्या आदल्या साली थिराने आपल्या किनाऱ्याची गोष्ट रचली. कोळ्याची पोर, परदेशी खलाशी, बाळ, तोंड फिरवणारं गाव. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, अख्ख्या हावरुपाला माहीत होतं. तरी ती उन्हाळ्यात घरी आली आणि तिने सिदसेलला विचारलं.

"शेवट काय करतेस?" सिदसेलने विचारलं. तिच्या हातातला गळ थांबला होता.

"खलाशी परत येतो. चर्चमध्ये लग्न."

सिदसेल इतकी हसली की तिला बाकडं सोडून उठावं लागलं. "बरं झालं बाई! निदान पडद्यावर तरी माझं लग्न लागलं. नवरा देखणा घे हो, तो खरा होता त्याला पुढचे दात नव्हते."

आणि तिने शाल काढून दिली. "ही घेऊन जा. खरीच असू दे. पण परत आण, बोदिलला लागते."

थिराने ती शाल नेली. लग्नाचा शेवट एका सकाळी उरकला, देखणा नवरा घोड्यासारखं हसला, सगळे खूश. दुपारी रशियासाठी नायिकेला समुद्रात जायचं होतं. बाईने बाहुली छातीशी धरली, एक हात आकाशाकडे केला आणि लाटांत शिरली. थिराला ते बघवेना. इतकं खोटं, इतकं नाटकी.

"बाळाला घेऊन पाण्यात जाणारी बाई हात वर करत नाही," ती म्हणाली.

"मग काय करते?" नटीने चिडून विचारलं. "तुम्ही गेला होता का कधी?"

थिराने होडीतली दोरी उचलली. शालीचं तेच टोक घेतलं, नटीच्या कंबरपट्ट्याशी नेलं आणि गाठ मारली. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. "असं. म्हणजे वेगळं व्हायला नको." नटी दोरीकडे बघत राहिली आणि मग काही न करता, हात खाली ठेवून, सरळ चालत गेली. कॅमेरा फिरवणारा बाप्या नाक ओढत होता.

त्या दिवशी थिराला पहिल्यांदा वाटलं की आपण खरे कलावंत आहोत. शपथेची आठवण झाली नाही असं नाही. झाली. पण ती मनाशी म्हणाली, हे रशियासाठी आहे, हावरुपाहून कोण जातंय तिकडे बघायला? झाकली मूठ. आणि मुठीत आपण काय धरलंय ते तिने पुन्हा बघितलं नाही.

मग युद्ध आलं. डेन्मार्क त्यात नव्हतं, पण रशियाकडे जाणाऱ्या पेट्या गोदामातच अडकल्या. घरच्या शेवटाची फिल्म मात्र गावोगाव फिरून फिरून ओरखड्यांनी भरली. दुसऱ्या वर्षी हावरुपच्या खानावळवाल्या ग्रेगर्सने निरोप धाडला की आमच्या पोरीची फिल्म आम्ही नाही बघायची तर कोणी बघायची? थिरा हरखली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, आणि इथे तर गाव स्वतःहून मागत होतं. ती गोदामात गेली आणि म्हणाली, "माझ्या गावाला न्यायचीय. ती पाऊस पडल्यासारखी ओरखडे पडलेली प्रत नको हं. कोरी करकरीत द्या, एकदाही न चाललेली."

गोदामवाल्याने तशी दिली. एकदाही न चाललेल्या प्रती त्याच्याकडे कोणत्या उरल्या होत्या, हे लहान पोराने सांगितलं असतं. थिराने विचारलं नाही. तिला गावात मिरवायचं होतं.

शनिवारची दुपार ठरली. वाऱ्यामुळे होड्या वाळूवर ओढलेल्याच होत्या, त्यामुळे सगळे मोकळे. खानावळीच्या दिवाणखान्याच्या खिडक्यांवर शिडं टांगून अंधार केला होता आणि आत डांबराचा वास कोंडला होता. फिरता फिल्मवाला मागे आपलं यंत्र मांडून बसला होता.

"बाई, नाच नाही ना यात?" ग्रेगर्सने हळूच विचारलं. "नाही तर मिशनवाले माझं छप्पर काढून नेतील."

"नाच नाही, लग्न आहे. चर्चमध्ये."

"मग बोलायलाच नको."

मिशनवाली म्हातारी मेत्तेसुद्धा आली होती. ती बाकावर बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली, म्हणजे देवाने विचारलंच तर मी फक्त जाता जाता थांबले होते असं सांगता येईल. पहिल्या बाकावर थिरा, तिच्या एका बाजूला सिदसेल, दुसऱ्या बाजूला बोदिल. बोदिल आता लग्नाच्या वयाची, आईसारखीच खांद्यात रुंद. सिदसेलने ठेवणीतला काळा पोशाख घातला होता. तिने थिराच्या दंडात हात घातला होता आणि गाव मागून आपल्याकडे बघतंय हे तिला ठाऊक होतं. इतक्या वर्षांनी ती पहिल्यांदा पहिल्या बाकावर बसली होती.

फिल्म रंगली. पडद्यावर तोंड फिरवणाऱ्या बायका आल्या तेव्हा मागून कोणीतरी ओरडलं, "मेत्ते, तू कधी गं गेलीस कोपनहेगनला?" आणि सगळी खानावळ हसली. मेत्तेही कशीबशी हसली. सिदसेलने थिराच्या दंडाला चिमटा काढला. खलाशी आला तेव्हा ती कुजबुजली, "दात बघ मेल्याचे, मोजून घे." थिराला वाटलं, गावाने सिदसेलकडे पाठ फिरवली होती, ते आज फिटतंय. आणि ते आपण फेडतोय.

शेवटचं रीळ लागलं आणि पडदा निळा झाला.

थिराला त्याच क्षणी कळलं. पिवळा असायला हवा होता. यंत्र मागे दहा पावलांवर होतं. तिने "थांबवा" म्हटलं असतं तरी पुरे होतं. फिल्म तुटली, चूक झाली, उद्या बघू. कोणी काही विचारलं नसतं. अजून नायिका वाळूच्या टेकडीवरच होती, दोरी तिच्या हातात यायची होती.

थिराने मान वळवली, पण ती फिल्मवाल्याकडे नाही. लोकांकडे. तिने तो शेवट कोणाबरोबर बसून कधी बघितला नव्हता. तिचं सगळ्यात चांगलं काम, आणि ते डब्यात कुजत पडलं होतं. तिला बघायचं होतं की लोकांना काय होतं. निळ्या उजेडात तिला मेत्ते दिसली, भिंत सोडून पुढे आलेली, हात तोंडावर. ग्रेगर्स टोपी चुरगाळत होता. आणि थिराला, बहिणीच्या शेजारी बसून, आनंद झाला. बसलंय, तिला वाटलं. अगदी नेमकं बसलंय.

पुढे आयुष्यात तिला ज्या गोष्टीची लाज वाटायची ती ही. दोरीची नव्हे, चुकून आणलेल्या डब्याचीही नव्हे. चूक कोणाकडूनही होते. पण त्या दोन-चार क्षणांत ती मागे वळून गिऱ्हाईक कसं रडतंय ते बघत होती.

मग तिच्या दंडातला हात निघून गेला. तिने पुढे बघितलं. पडद्यावर गाठ बसत होती. गाठीवर गाठ.

फिल्म संपली. कोणीतरी शीड बाजूला ओढलं आणि दुपारचा पांढरा उजेड सगळ्यांच्या ओल्या डोळ्यांवर पडला. मेत्ते म्हणाली, "सुटली बिचारी," आणि आपण फिल्म बघितली हे आपणच कबूल केलं हे लक्षात येऊन पुन्हा भिंतीला टेकली. सिदसेल पडद्याकडेच बघत बसली होती. पांढरी चादर, तिच्यावर काही नव्हतं.

"ती आपली शाल ना?" बोदिल म्हणाली.

"अगं हो, मी नेली होती ना तुझ्याकडून," थिरा घाईने म्हणाली. "छान दिसली, नाही?"

"ते नाही विचारत मावशी. दोरी. त्याच टोकाला." बोदिलचा आवाज साधा होता, हिशेब जुळवणाऱ्या माणसासारखा. "आई म्हणते, कामाला जाताना बांधायची. मग तू त्या बाईला पाण्यात जाताना कशी बांधलीस?"

"फिल्म आहे गं ती! रचलेलं असतं सगळं. मनाने रचलं मी."

सिदसेल तिच्याकडे वळली. "आता खोटं नको बोलूस. झालं तेवढं पुरे झालं." मग ती पोरीला म्हणाली, हळू म्हणाली, पण पहिल्या तीन बाकांना ऐकू गेलं, म्हणजे संध्याकाळच्या कॉफीपर्यंत गावाला गेलंच. "हो. मीच. तुला घेऊन. तू तीन महिन्यांची होतीस. चल घरी."

दोघी उठल्या. गाव बाजूला झालं. कोणी तोंड फिरवलं नाही या वेळी, आणि तेच वाईट होतं, सगळे दयेने बघत होते. सिदसेलने तोंड फिरवणारे अख्खा जन्म सोसले होते. दया तिला कधी सोसायची नव्हती. थिरा बाकावरच राहिली. ग्रेगर्स येऊन म्हणाला, "बाई, काय काढलंयत हो! माझ्या बायकोला तर हुंदका आवरेना." तिला वाटलं, ह्या माणसाने आपल्याला थोबाडीत मारावी. तो तिच्यासाठी बिअर घेऊन आला.

रात्र तिने खानावळीतच काढली. सकाळी ती सिदसेलकडे गेली, नेहमीसारखी मागून. आमिष लावायच्या बाकड्यांच्या बाजूने, वाळत घातलेल्या चपट्या माशांच्या दोरीखालून वाकून ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली. दार उघडंच होतं. आत सिदसेल चुलीपुढे उभी होती. बोदिल दिसली नाही.

"ताई," थिरा म्हणाली आणि एक पाय उंबऱ्यावर ठेवला.

"पुढून या," सिदसेल म्हणाली.

थिराला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "अगं, काय?"

"पुढचं दार उघडते. तिकडून या."

थिरा घराला वळसा घालून गेली. त्या दाराला कोणी वर्षानुवर्षं हात लावलेला नव्हता, खाऱ्या हवेने लाकूड फुगलं होतं. आतून सिदसेल खांदा लावून ढकलत होती आणि बाहेर थिरा उभी होती, बहीण दार ढकलत असताना कोणत्या बाजूने मदत करावी ते न कळून. शेवटी ते उघडलं. सिदसेलने तिला बाहेरच्या खोलीत नेलं, जिथे बापाचा फोटो होता आणि जिथे पाद्रीशिवाय कोणी बसत नसे. टेबलावर पांढरी चादर होती. सोनेरी काठाचे कप, आईचे. आणि बशीत सात तऱ्हेची बिस्किटं, लांबच्या पाहुण्याला करतात तशी. म्हणजे ती पहाटेपासून भाजत बसली होती. म्हणजे थिरा येणार हे तिला माहीत होतं, आणि राग आला म्हणून दार लावून घेणं तिने ठरवलं नव्हतं. रागावली असती तर बरं झालं असतं. आपल्या माणसावर रागावतात.

"साखर घेता ना?" सिदसेलने विचारलं.

"ताई, मला तुम्ही नको म्हणूस गं."

"बिस्किट घ्या. वेलचीचं आहे."

थिराने घेतलं. ते तिच्या तोंडात फिरत राहिलं. तिने सगळं सांगितलं, गोदाम, कोरी प्रत, रशिया. सिदसेल ऐकत होती, शेजारणीच्या मुलाचं शिक्षण कसं चाललंय हे ऐकावं तशी. मग थिरा थांबली, कारण जे सांगायचं होतं ते यात नव्हतंच.

"मला थांबवता आलं असतं," ती म्हणाली. "निळं दिसलं तेव्हाच. मी लोकांची तोंडं बघत होते."

"माहीत आहे," सिदसेल म्हणाली. "मी तुमचं बघत होते."

बाहेर वाऱ्याने गवत वाळूवर घासत होतं. थिराने मान खाली घातली. तिला वाटलं आपण इथेच, या पांढऱ्या चादरीवर, विरघळून जावं. "बोदिल काय म्हणाली?" तिने विचारलं.

"काही नाही. एकच विचारलं." सिदसेलने तिच्या कपात कॉफी ओतली, काठापर्यंत, एक थेंब न सांडता. "म्हणाली, मग परत का आलीस?"

थिराने वर बघितलं. आणि तिथे, त्या खुर्चीत, तिला समजलं की हे आपण कधी विचारलंच नाही. त्या सकाळी नाही, पुढे कधी नाही. दोरी लक्षात ठेवली, गाठी लक्षात ठेवल्या, ओला परकर, वेणीचं टोक सगळं जपून ठेवलं. कंबरभर पाण्यात गेलेली बाई मागे का फिरली हे विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. तिने दोन शेवट काढले होते आणि खरा तिला माहीतच नव्हता.

"का आलीस?" तिने आता विचारलं. तिच्या तोंडून निघून गेलं.

तिच्याकडे बघताना सिदसेलच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच आलं, आणि तिने ते एप्रनच्या टोकाने नाही, टेबलावरच्या इस्त्रीच्या रुमालाने टिपलं.

"ते मी तिला सांगितलं," ती म्हणाली. "तुम्हाला नाही सांगणार. अजून थोडी कॉफी?"

थिराने ती कॉफी प्यायली. नाही म्हणण्याचा हक्क पाहुण्याला नसतो. निघताना सिदसेलने पुन्हा खांदा लावून दार उघडलं आणि "रस्ता नीट बघून जा" असंही म्हणाली.

कोपनहेगनला गेल्यावर थिराने पहिलं काम केलं ते रशियाच्या डब्यांचं. मालक रिंगशी भांडून, आपल्या मेहनतान्यातून कापून घेऊन तिने तो निळा शेवट मिळवला आणि जाळला. फिल्म भडकन पेटते, तिच्या भुवया होरपळल्या. त्याने काय होणार होतं? मलम लावायला जागाच दुसरी होती. पुढे तिने आणखी काही फिल्मा काढल्या, विनोदी, खोट्या मिशा, केळ्याच्या साली. लोक म्हणत, क्लिटगोरबाईंच्या कामात पूर्वीची ती धार राहिली नाही. ती म्हणायची, नाही राहिली. बोलपट आले आणि तिला कोणी बोलावेनासं झालं. तिने पुन्हा कुंचला हातात घेतला आणि नवऱ्या मुलींचे चामखीळ काढायला लागली.

हावरुपला मात्र ती दर उन्हाळ्यात यायची. दर उन्हाळ्यात सिदसेल पुढचं दार उघडायची, सोनेरी काठाचे कप मांडायची, साखर घेता ना विचारायची. एकदाही चुकली नाही. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात बोदिल, नंतर बोदिलचा नवरा, नंतर त्यांची पोरं चुलीशी बसून हसताना ऐकू यायची आणि थिरा बापाच्या फोटोखाली ताठ बसून वेलचीचं बिस्किट खायची. आम्ही गावातले म्हणायचो, मग येते कशाला ही? पण ती यायची. दार उघडतंय तोवर यायचं, एवढंच तिच्या हातात होतं.

सिदसेल म्हातारी होऊन, आपल्या बिछान्यात, कोरड्या पायांनी मेली. त्या दिवशी पुढचं दार सताड उघडं होतं, कारण शवपेटी तिथूनच जाते. थिरा पेटीमागून त्याच दारातून बाहेर पडली आणि दफन झाल्यावर सवयीने त्याच दाराशी येऊन उभी राहिली. टोपीत पीस नव्हतं. आत बायकांची कॉफीची गडबड चालली होती.

"तिकडे काय उभी राहिलीस मावशी?" घराच्या कोपऱ्यावरून बोदिल ओरडली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या. "मागून ये. कपांचा डोंगर पडलाय."

थिरा वळसा घालून गेली. उंबऱ्याशी तिने पायातली वाळू झटकली, जरा जास्तच वेळ झटकली. बोदिलने तिच्या हातात फडकं दिलं आणि दोघी उभ्या राहिल्या, एक धुवायला, एक पुसायला. आईच्या खांद्यांची ही बाई, केसांत पांढरं आलेली, थिराने तिच्याकडे नीट कधी बघितलंच नव्हतं. चुलीमागच्या खिळ्यावर ती शाल टांगलेली होती. दोरीचा तुकडा होता तसाच.

"आई जाताना म्हणाली," बोदिल पाण्यात बघत म्हणाली, "की तू विचारलंस तर तुला सांगितलं तरी चालेल. परत का आली ते. सांगू?"

थिराच्या हातात सोनेरी काठाचा कप होता. तिने तो पुसला, उलटा करून पुसला, कानामागे पुसला. अख्खा जन्म ती त्या उत्तरासाठी त्या खुर्चीत बसली होती.

"नको गं," ती म्हणाली. "माझ्या पोटात काही राहत नाही."

बोदिलने मान हलवली आणि पुढचा कप तिच्या हातात दिला.